पाहणाऱ्याचा गुन्हा

परभणी जिल्ह्यात विवस्त्र पुरुषदेह पाहायला लपूनछपून कुठे जावे लागत नाही. जिंतूरजवळच्या नेमगिरीवर, वाकून शिरावे लागते अशा भुयारांत, नेमिनाथ, शांतिनाथ, बाहुबली आणि लहानशा पाषाणावर तोललेले पार्श्वनाथ शतकानुशतके दिगंबर रूपात आहेत. लेकीसुना, नातवंडे, म्हातारीकोतारी असा सगळा गोतावळा घेऊन लोक दर्शनाला जातात. चातुर्मासात मुनींचा विहार गावात आला की भर चौकात त्यांचे फ्लेक्स लागतात. १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना व्रताने देह ठेवलेल्या आचार्य शांतिसागरांचे छायाचित्र मराठवाड्यातल्या किती दिगंबर जैन घरांच्या भिंतीवर असेल, त्याची गणती नको. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी दर आषाढीला परभणी-गंगाखेडच्या वाटेने पंढरपूरला जाते. चिलीम ओढत उघड्या अंगाने बसलेल्या महाराजांची तसबीर रिक्षापासून किराणा दुकानापर्यंत सगळीकडे दिसते. दासगणूंच्या ‘गजानन विजय’ ग्रंथात रेल्वेप्रवासात नग्न असल्यावरून महाराजांवर खटला भरला गेल्याची कथा आहे. म्हणजे सरकारला तेव्हाही प्रश्न पडला होता. भक्तांना तो कधी पडला नाही.

याच्या पलीकडे जत्रेतला कुस्त्यांचा फड आहे. तिथे लंगोटावरचे गडी मातीत लोळतात आणि हजारो पुरुष तासन्‌तास त्यांच्याकडे टक लावून बसतात. हल्ली व्यायामशाळांचे फलकही आले. तेल लावून, दंड फुगवून उभ्या असलेल्या जवानाचा दहा फुटी फोटो, खाली शुभेच्छुकांची नावे.

मग पुरुषाच्या नग्न छायाचित्रांचा आणि पुरुषाने पुरुषाकडे ओढीने पाहून काढलेल्या छायाचित्रांचा विषय निघाला की माणसे खाली का पाहू लागतात? माझे उत्तर असे की, आपल्याकडे उघड्या पुरुषदेहाला कधीच बंदी नव्हती. बंदी होती ती एका विशिष्ट नजरेला. देह वैराग्याचा असावा, बलाचा असावा, योगाचा असावा. त्याची कुणाला, विशेषतः दुसऱ्या पुरुषाला, अभिलाषा वाटू नये. कायदाही तसाच लिहिलेला आहे. अश्लीलतेचे कलम २९२ भारतीय दंड विधानात होते, आता ते भारतीय न्याय संहितेत २९४ क्रमांकाने आले आहे. त्यात प्राचीन वास्तू, मंदिरे, देवांचे रथ आणि धार्मिक वापराच्या गोष्टी यांना स्पष्ट सूट आहे. नेमगिरी त्या सुटीच्या आत येते आणि ते योग्यच आहे. पण तोच अवयव, तेच स्नायू छायाचित्राच्या कागदावर आले, आणि कागदामागे श्रद्धेऐवजी आकर्षण असले, की सूट संपते.

छायाचित्रकला आणि उघडा पुरुष यांची सोबत मात्र अगदी पाळण्यातली. १८४० साली इपोलित बायार या फ्रेंच माणसाने स्वतःचा कमरेपर्यंत उघडा फोटो काढला आणि बुडून मेलेल्या माणसाचे सोंग घेतले. सरकारने दाग्येरला छायाचित्राचा शोधक म्हणून मान दिला, मला विसरले, अशी ती तक्रार होती. म्हणजे मुद्दाम रचून काढलेल्या अगदी पहिल्या छायाचित्रांपैकी एक पुरुषदेहाचे आहे, आणि तेही रुसव्याचे! पुढे १८५०च्या दशकात चित्रकार दलाक्रवाने छायाचित्रकार द्युरियूकडून नग्न पुरुषांची छायाचित्रे करून घेतली आणि त्यांवरून रेखाटने केली. फिलाडेल्फियात चित्रकार आणि कलाशिक्षक टॉमस ईकिन्स आपल्या विद्यार्थ्यांचे नदीकाठी विवस्त्र फोटो काढत असे. १८८६ साली मुली बसलेल्या वर्गात त्याने पुरुष मॉडेलचा लंगोट काढला आणि अकादमीतली नोकरी गमावली. या तिघांनाही ‘अभ्यास’ हा शब्द ढालीसारखा उपयोगी पडत होता. ईकिन्सच्या वेळी ढाल मोडली.

याच काळात ढालीमागे काय चालले होते, त्याचा एक गमतीदार किस्सा आहे. जॉन ॲडिंग्टन सिमंड्स या इंग्रज लेखकाने आपला मित्र एडमंड गॉस याला एका नग्न तरुणाचे छायाचित्र पाठवले. गॉसने वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये कवी ब्राउनिंगच्या अंत्यविधीत बसून ते पुन्हापुन्हा चोरून पाहिले, आणि नंतर तसे कळवलेही. सिसिलीतल्या ताओर्मिना गावी फोन ग्लोडन हा जर्मन सरदार गरीब घरांतल्या पोरांना ग्रीक देवांच्या थाटात उभे करून त्यांची छायाचित्रे युरोपभर विकत होता. त्यांतली बरीच अल्पवयीन होती. या चित्रांना ‘अभिजात’ म्हणून आजही चौकटीत लावले जाते. मला ते पटत नाही. पैसेवाला परदेशी आणि गावातले गरीब पोर, यात संमती कुठे शोधणार?

आपल्याकडे मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या पहिल्या पिढीतले. पण साहेबाच्या कॅमेऱ्याला हिंदी माणसाचा उघडा देह हवा होता तो नमुना म्हणून. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’मध्ये जाती-जमातींची माणसे अशी मांडली आहेत की, पुरुष त्यात कुणी व्यक्ती नसतो, प्रकार असतो. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. त्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला, जिथे फोटो काढणारीही बाईच. पुरुषासाठी असा पडदा लागला नाही. त्याच्या देहाला कुणाच्या नजरेपासून धोका असू शकतो, ही कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती.

मराठी मुलखात उघड्या पुरुषदेहाचे छायाचित्र खऱ्या अर्थाने रुजवले ते व्यायामाने, आणि हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. शरीरसौष्ठवपटू युजेन सँडोने १८९४ साली न्यूयॉर्कच्या फॉक स्टुडिओत फक्त अंजिराचे पान लावून फोटो काढून घेतले होते. ते कार्डांच्या रूपात विकले गेले. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानात आला, मुंबईत त्याचे खेळ झाले, आणि ‘सँडो’ हे नाव आपल्याकडे बनियनलाही चिकटले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आधी सँडोच्याच पद्धतीने व्यायाम करत. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले, संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले आणि पुस्तकात स्वतः उघड्या अंगाने उभे राहिले. १९३८ साली लंडनहून निघालेल्या इंग्रजी पुस्तकातून ती गोष्ट परदेशातही गेली. संस्थानचा राजा आपला देह प्रजेला आदर्श म्हणून छापून दाखवतो, यात केवढा आत्मविश्वास आहे! हेच राजेसाहेब चित्रकार होते आणि औंधच्या टेकडीवरच्या त्यांच्या संग्रहालयात पाश्चात्त्य वळणाची नग्न शिल्पे आजही शाळेच्या सहली पाहतात. पोरे कोपराने एकमेकांना ढोसतात, गुरुजी पुढच्या दालनात पिटाळतात.

बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढला. कुस्तीचे डाव, मलखांब, जोर-बैठका, लंगोटावरच्या देहांची पाने. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक अशी दोन्ही सुरू केली. त्यात आसनांच्या छायाचित्रांबरोबर क्ष-किरणचित्रेसुद्धा, म्हणजे देह कातडीच्याही आतपर्यंत उघडा. आणि मग पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे १९६६चे योगावरचे ते प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक. एकाच पुरुषाची, आखूड चड्डीवरची, सहाशेच्या आसपास छायाचित्रे. माझे मत विचाराल तर महाराष्ट्राशी नाते सांगणाऱ्या पुरुषदेहाच्या छायाचित्रणात याहून मोठे काम झालेले नाही. बरगडी कुठे वर येते, मांडीचा स्नायू कुठे वळतो, सावली पोटात कुठे शिरते, हे इतक्या निरागस बारकाईने कुणी नोंदवलेले नाही. ते कलेच्या इतिहासात धरले जात नाही कारण ते आरोग्याच्या कपाटात ठेवलेले असते.

या साऱ्या चित्रांना एक अदृश्य वस्त्र होते, ब्रह्मचर्याचे. तालमीतल्या गड्याने लंगोटाचा पक्का असावे, हनुमंतासमोर घाम गाळावा, वीर्य राखावे. फोटो त्या व्रताचा पुरावा. पण छायाचित्र एकदा छापले की ते कोण, कशासाठी जपून ठेवतो, त्यावर छापणाऱ्याची सत्ता उरत नाही. अमेरिकेत ही गोष्ट उघड झाली. लॉस एंजेलिसच्या बॉब मायझरने १९४५ साली स्टुडिओ काढला आणि १९५१ पासून ‘फिजीक पिक्टोरियल’ हे नियतकालिक चालवले. वरून व्यायाम, शरीरसौष्ठव, आदर्श प्रमाणबद्धता. ग्राहक मात्र मोठ्या संख्येने समलिंगी पुरुष. मायझरचे फोटो मुजुमदारांच्या खंडाशेजारी ठेवून पाहा. उभे राहण्याची ढब तीच, छाती फुगवण्याची तऱ्हा तीच, कमरेची चिंधीही जवळपास तीच. फरक गिऱ्हाइकात आहे, आणि मायझरला आपले गिऱ्हाईक माहीत होते. १९६२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी मासिके टपालाने पाठवायला हरकत नाही असा निर्णय दिला. तोवर न्यूयॉर्कचा नामांकित फॅशन छायाचित्रकार जॉर्ज प्लॅट लाइन्स १९५५ मध्ये वारला होता. मरणापूर्वी त्याने आपल्या बऱ्याच निगेटिव्ह नष्ट केल्या आणि पुरुषांची नग्न छायाचित्रे लैंगिकतेचे संशोधक किन्सी यांच्या संस्थेकडे सोपवली. संग्रहालयाने जे घेतले नसते ते प्रयोगशाळेने घेतले.

आपल्याकडे ब्रह्मचर्याचा हा पडदा पहिल्यांदा हसत हसत बाजूला ओढला भूपेन खख्खरने. मुंबईत १९३४ साली जन्मलेला हा गुजराती चार्टर्ड अकाउंटंट बडोद्याला जाऊन चित्रकार झाला. १९७२ च्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत त्याने स्वतःचे सोंगाचे फोटो छापले: कधी जेम्स बाँड, कधी मिस्टर युनिव्हर्स. त्या किरकोळ अंगावर मिस्टर युनिव्हर्सची ऐट पाहिली की साऱ्या व्यायाम-छायाचित्रांचा गंभीर चेहरा एकदम सैल होतो. आपल्या समलिंगी असण्याबद्दल तो चित्रांतून स्पष्ट बोलू लागला त्याला अजून जवळजवळ दहा वर्षे होती. फोटोने आधी चेष्टेतून वाट काढली. त्याआधी गोव्याच्या साळगावचा चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा याने हीच वाट सरळ चालून पाहिली होती. १९४९ साली मुंबईच्या प्रदर्शनात त्याने स्वतःचे पूर्ण नग्न चित्र लावले. ते उतरवावे लागले, पोलीस घरापर्यंत पोचले, आणि त्याच वर्षी तो लंडनला निघून गेला. नग्न बाई रंगवणाऱ्या चित्रकारांची तेव्हा मुंबईत वाण नव्हती. नग्न ‘मी’ मात्र चालला नाही.

समलिंगी पुरुषांची म्हणून, त्यांनीच काढलेली भारतीय छायाचित्रे यायला १९८० चे दशक उजाडले. दिल्लीत जन्मलेला आणि किशोरवयात कॅनडाला गेलेला सुनील गुप्ता परत येऊन १९८६-८७ मध्ये दिल्लीतल्या पुरुषांची ‘एक्झाइल्स’ ही मालिका करतो. हुमायूनची कबर, इंडिया गेट, बागा. पुरुष अंगभर कपड्यांत आणि बहुतेकांची तोंडे फिरवलेली. पाश्चात्त्य प्रेक्षकाला यात ‘काही’ दिसत नाही. मला मात्र ही मालिका अमेरिकी छायाचित्रकार मेपलथॉर्पच्या गुळगुळीत संगमरवरी देहांपेक्षा धीट वाटते. तिथे नागडेपणा देहाचा होता, इथे जागेचा आहे: अमुक बाकावर, अमुक झाडाखाली आम्ही भेटतो, एवढेच सांगण्यात जीव धोक्यात होता. १९८८ साली गुप्ता आणि नायजेरियन वंशाचा रोटिमी फानी-कायोडे यांनी आणखी काही जणांबरोबर लंडनमध्ये कृष्णवर्णीय छायाचित्रकारांची ‘ऑटोग्राफ’ ही संस्था उभी केली. २०१२ मध्ये गुप्ताच्या ‘सन सिटी’ मालिकेचे दिल्लीतले प्रदर्शन तक्रारीनंतर बंद करावे लागले. त्यात नग्न पुरुष होते.

मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये समलिंगींसाठी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. अशा नियतकालिकाला धीट फोटोंपेक्षा माहिती, पत्ते, डॉक्टर, धीर यांची गरज अधिक होती. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७ कलम डोक्यावर असताना आपला देह छापायला देणार कोण? १९९६ साली रियाद वाडियाने आर. राज राव यांच्या कवितांवर ‘बॉमगे’ हा छोटा चित्रपट केला, त्यात ग्रंथालयात विवस्त्र पुरुष आहेत. पुस्तकांच्या कपाटांमध्ये कपडे उतरवण्याची ही कल्पना आजही खट्याळ आणि ताजी वाटते.

त्याच सुमारास मराठी घराघरांत जे छायाचित्र पोचले ते वेगळेच. १९९५ साली छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्ताने टफ बुटांच्या जाहिरातीसाठी मिलिंद सोमण आणि मधु सप्रे या मॉडेलना एकमेकांना बिलगून, विवस्त्र, गळ्यात अजगर घालून उभे केले. मुंबईत खटला झाला. अजगरामुळे वन्यजीव कायदाही आला. निर्दोष सुटका झाली ती २००९ मध्ये. चित्र म्हणून मला ते फारसे आवडत नाही, अजगर सगळे लक्ष खाऊन टाकतो. पण दोन मराठी मुलांच्या त्या फोटोने एक गोष्ट झाली: पुरुषाचा देखणा देह हा शृंगाराचा विषय असू शकतो, हे दिवाणखान्यात बसून बोलले गेले. तोवर शृंगार म्हणजे बाईचा देह, एवढीच समज होती.

सोमण पुन्हा बातमीत आला तो २०२० च्या नोव्हेंबरात, पंचावन्नाव्या वाढदिवसाला गोव्याच्या किनाऱ्यावर नागडा धावल्याचा फोटो टाकून. गोवा पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्याच आठवड्यात गोव्यात अंगप्रदर्शनाच्या चित्रफितीवरून एका अभिनेत्रीला अटक झाली होती. सोमणला अटक झाली नाही. दोन वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये, अभिनेता रणवीर सिंगने ‘पेपर’ या अमेरिकी मासिकासाठी गालिच्यावर पहुडून फोटो काढले. १९७२ साली हॉलिवूडच्या बर्ट रेनॉल्ड्सने ‘कॉस्मोपॉलिटन’साठी अस्वलाच्या कातड्यावर केले त्याची ती आठवण होती. मुंबईत चेंबूर पोलिसांत गुन्हा दाखल झाला आणि तक्रारीत म्हटले होते की, स्त्रियांच्या भावना दुखावल्या.

हे वाक्य थांबून पाहण्यासारखे आहे. पुरुषाचा नग्न फोटो पाहून कुणाला काय वाटेल, याची कल्पना करताना तक्रारदाराला आणि कायद्याला एकच प्रेक्षक सुचतो: लाजणारी, दुखावलेली बाई. पाहून खूश होणारी बाई सुचत नाही. आणि पाहणारा पुरुष तर त्या कागदावर कुठेच नाही. अशा फोटोंवर ज्यांची नजर सगळ्यांत जास्त रेंगाळते, त्यांची नोंद ना फिर्यादीत, ना बचावात.

न्यायालये मात्र हळूहळू सरकली आहेत, आणि या सरकण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९६४ साली रणजित उदेशी या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याला ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरवले, तेही व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रजी कसोटीवर. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या कथेवरून लेखक चंद्रकांत काकोडकरांवर खटला झाला, ते १९६९ मध्ये सुटले. टेनिसपटू बोरिस बेकरच्या आपल्या वाग्दत्त वधूसोबतच्या विवस्त्र छायाचित्राच्या प्रकरणात २०१४ साली ती जुनी कसोटी अखेर बाजूला पडली आणि समकालीन समाजाचे मापदंड आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सूझा आणि चित्रकार अकबर पदमसी यांच्या सीमाशुल्क खात्याने अडवलेल्या कलाकृती सोडायला लावल्या. प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसते, हे अधिकाऱ्यांना सांगावे लागले. सूझाला मुंबई सोडून पंचाहत्तर वर्षे झाली होती.

६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. त्यानंतर पुरुषदेहाची छायाचित्रे उघडपणे करणारी तरुण मंडळी मोठ्या शहरांत दिसू लागली आहेत. त्यांतले बरेच काम अजून जिममधल्या पोटाच्या घड्यांवर अडकलेले आहे, म्हणजे सँडोचाच धंदा, नवा दिवा. केसाळ, काळा, सुटलेल्या पोटाचा, शेतात रापलेला खेड्यातला देह त्यात सापडत नाही. तो सापडला सिनेमात. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने २०२५ मध्ये सनडान्सला परीक्षकांचा मोठा पुरस्कार मिळवला. बापाच्या दहाव्यासाठी गावी आलेला मुंबईकर मुलगा आणि गावातला शेतकरी मित्र; कॅमेरा त्यांच्याकडे घाई न करता, गावातल्याच माणसासारखा पाहतो.

परभणी, सेलू, मानवतसारख्या गावांत आज ही छायाचित्रकला जगते ती फोनवर. भेटीगाठींच्या ॲपवरच्या फोटोंची एक शैलीच झाली आहे: मानेखालून घेतलेले, चेहरा कापलेला, मागची भिंत ओळखू येऊ नये म्हणून दिवा मालवलेला. गुप्ताच्या पाठमोऱ्या माणसांची ही पुढची पिढी. पण एकदा चेहरा पाठवला की पैसे उकळणाऱ्या टोळ्या टपलेल्या असतात, आणि घरी कळेल या धास्तीने माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६-ई हे कलम संमतीशिवाय खासगी अंगाचे चित्र काढणाऱ्या-पसरवणाऱ्याला लागू होते, आणि ते स्त्री-पुरुष असा भेद करत नाही. खंडणीचा गुन्हा वेगळाच. हे माहीत असणे कुठल्याही कलाविचारापेक्षा तातडीचे आहे. दुसरीकडे, १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत ३७७ कलम पूर्ण गळले. त्याबरोबर प्रौढ पुरुषावरच्या बलात्काराला लागू होणारी एकमेव तरतूदही गेली. संमतीच्या बाजूने मोकळीक मिळाली, पण संमती मोडणाऱ्याला धरायची जागा रिकामी राहिली, आणि ती भरण्याची घाई संसदेत कुणालाच दिसत नाही.

राहिला प्रश्न जपणुकीचा. लाइन्सची छायाचित्रे किन्सीकडे वाचली. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात ‘क्वामरा’ या नावाने समलिंगी-तृतीयपंथी चळवळीची कागदपत्रे आणि चित्रे सांभाळली जातात. औंधच्या राजांची सूर्यनमस्काराची छायाचित्रे, मुजुमदारांचे खंड, कुवलयानंदांच्या ‘योगमीमांसा’चे अंक, ‘बॉम्बे दोस्त’चे जुने अंक, आणि मानेखालून कापलेले ते फोटो, देणाऱ्याची मर्जी असेल तर, हे सगळे एकाच कपाटात ठेवणारे मराठी ठिकाण हवे. विद्यापीठांच्या इतिहास विभागांना ते अवघड नाही. पहिले तीन तर आपल्या जुन्या वाचनालयांत धूळ खात पडलेलेच आहेत.